निर्दोष सुटकेची घडण

आरोपी निर्दोष सुटल्याची बातमी आली की आपल्या वस्तीत दोनच प्रतिक्रिया उमटतात. एक म्हणतो, 'पैसा चारला.' दुसरा म्हणतो, 'न्यायाधीश त्यांचाच.' या दोन्हींत काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु गेली कित्येक वर्षे अत्याचाराच्या खटल्यांतील फिर्यादींबरोबर मी जिल्हा न्यायालयाच्या बाकावर बसत आलो आहे आणि त्यातून माझे मत निराळे बनले आहे. निकालाच्या दिवशी सुटका फक्त जाहीर होते; ती घडलेली असते फार आधी, बहुधा घटनेनंतरच्या पहिल्या आठ-दहा दिवसांत. आणि ती घडवणारे हात एक-दोन नसतात. ठाणे अंमलदार, पंच, डॉक्टर, पोलीस पाटील, दाखला देणारा कारकून, शेजारी, मालक अशा अनेकांचा त्यात वाटा असतो. प्रत्येकाचा वाटा लहान असतो, कागदावर तो बहुधा कायदेशीरच दिसतो, आणि म्हणून कोणालाच त्याचे ओझे वाटत नाही. अपराध करूनही काही माणसे शिक्षेपासून सुखरूप कशी राहतात, याचे उत्तर मला या लहान लहान वाट्यांत सापडते.

पण पुराव्याच्याही आधी एक प्रश्न येतो. गुन्हेगार म्हणून समाजाच्या डोळ्यांसमोर कोण उभा राहतो?

तमिळनाडूतल्या तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यात किळवेणमणी नावाचे गाव आहे. मजुरीत थोडे अधिक धान मिळावे म्हणून तिथल्या दलित शेतमजुरांनी लाल झेंड्याखाली संघटना केली होती. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री जमीनदारांच्या टोळीने वस्तीवर हल्ला केला. जीव वाचवण्यासाठी एका झोपडीत शिरलेल्या ४४ माणसांना, ज्यांत बहुतेक बायका आणि मुले होती, आत कोंडून जाळण्यात आले. (मनुस्मृतीच्या दहनाला त्या दिवशी बरोबर ४१ वर्षे झाली होती. आपण ग्रंथ जाळला होता. त्यांनी माणसे जाळली.) सत्र न्यायालयाने जमीनदारांना दहा वर्षांची शिक्षा दिली. मद्रास उच्च न्यायालयाने ती रद्द केली. रद्द करताना जे कारण मांडले गेले ते प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावे असे आहे. आरोपी मोठ्या जमिनींचे धनी आहेत, त्यांच्यातल्या एकाकडे तर मोटार आहे; असे श्रीमंत लोक नोकरचाकर बरोबर न घेता स्वतः चालत जाऊन झोपड्या पेटवतील हे मानणे कठीण आहे, असा त्याचा आशय होता.

आता हेच तर्कशास्त्र उलटे करून पाहा. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पारधी, कैकाडी, भामटा अशा कितीतरी जमाती त्याखाली जन्मतःच गुन्हेगार ठरत गेल्या. मूल पाळण्यात असतानाच त्याच्या कपाळी संशय लिहिलेला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, या जमाती विमुक्त झाल्या. पण आजही गावात घरफोडी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्याच्या पालावर येते. पारध्याने चोरी केली असेलच, आणि मोटारवाल्याने झोपडी पेटवली नसेलच! दोन्ही ठिकाणी माणसाने काय केले हे पाहण्याआधी तो कोण आहे हे पाहिले गेले. एका बाजूला जन्माने येणारा गुन्हा, दुसऱ्या बाजूला जन्माने येणारे निरपराधित्व. मनूने एकाच अपराधाला वर्णावर्णाप्रमाणे वेगवेगळा दंड सांगितला होता. भारतीय दंडविधानाने तो भेद अक्षरांतून काढून टाकला. नजरेतून काढणे त्याच्या हाती नव्हते. २०२२ अखेर देशाच्या तुरुंगांतील दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते, म्हणजे गुन्हा शाबीत होण्याआधीच गजाआड असलेले. कायदा ढिला आहे म्हणून लोक सुटतात असे म्हणणाऱ्यांनी या आकड्याचा विचार करावा. कायदा ढिला नाही. तो कोणासाठी घट्ट आणि कोणासाठी सैल होतो, हा प्रश्न आहे.

आता खटला उसवतो कसा, ते पाहू. मारहाण झालेला माणूस रक्ताळलेल्या कपड्यांनी ठाण्यात जातो. पहिले उत्तर मिळते, 'साहेब नाहीत, सकाळी या.' सकाळी गेल्यावर खबर घेतली जाते, पण अदखलपात्र म्हणून. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा प्रत्येक गुन्हा दखलपात्र आहे. आणि दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर ती नोंदवलीच पाहिजे हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०१३ मध्ये स्पष्ट केलेले आहे. तरीही बारा-पंधरा तास जातात. हे तास पुढे फार महाग पडतात. कारण उलटतपासणीत आरोपीचा वकील पहिला प्रश्न विचारतो तो हाच की एवढा उशीर का झाला, मधल्या वेळात सल्लामसलत करून नावे घातली ना? उशीर केला ठाण्याने. त्याचे उत्तर द्यायचे फिर्यादीने.

खबर लिहितानाही शब्द गळतात. फिर्यादी सांगतो ती जातिवाचक शिवी कागदावर 'अश्लील शिवीगाळ' होऊन उतरते. घटना चावडीपुढे घडली की घराच्या आत, पाहणारे कोण होते, हे लिहिलेच जात नाही. आणि 'लोकांच्या नजरेसमोर' अपमान झाला हे कलमाला हवे असते. आरोपीची जात खबरीत नाही एवढ्यावर खटले रद्द करून घेण्याचा एक धंदाच चालला होता; शेवटी महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला २००९ साली सांगावे लागले की एवढ्या कारणाने खबर रद्द होत नाही. १९९५ च्या नियमांतला सातवा नियम म्हणतो की तपास उपअधीक्षकाच्या दर्जाखालच्या अधिकाऱ्याने करू नये. प्रत्यक्षात जबाब फौजदार घेतो, पंचनामा हवालदार करतो, आणि उपअधीक्षकाची शेवटी सही येते. पुढे न्यायालयात हाच दोष आरोपीच्या उपयोगी पडतो. म्हणजे आपल्या रक्षणासाठी घातलेली अटही आपल्यावरच उलटते, कारण ती पाळणे ज्यांच्या हातात आहे ते आपल्या बाजूचे नसतात.

याच आठवड्यात दुसरे एक काम उरकले जाते. उलट केस. ज्याचे डोके फुटले त्याच्यावरच दरोड्याचा किंवा विनयभंगाचा गुन्हा दाखल होतो. मग गावातले 'समजूतदार' लोक मध्ये पडतात. तुम्ही तुमची काढा, ते त्यांची काढतील. गावात राहायचे आहे ना? हा शेवटचा प्रश्न धमकीच्या सुरात विचारला जात नाही, हे विशेष. तो काळजीच्या सुरात विचारला जातो. पाणी ज्याच्या विहिरीवरून, काम ज्याच्या रानात, उचल ज्याच्याकडून, किराणा ज्याच्या दुकानातून, तोच आरोपीचा चुलता असतो. गावगाडा बदलला असे आपण म्हणतो. बलुते गेले हे खरे, पण उचल आली.

महाडच्या सत्याग्रहाचे उदाहरण या संदर्भात मला नेहमी आठवते. २० मार्च १९२७ रोजी परिषदेहून परतणाऱ्या प्रतिनिधींवर सवर्णांनी हल्ला केला. त्याचा खटला झाला आणि अवघ्या अडीच महिन्यांत, जूनच्या पहिल्या आठवड्यात, हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. बाबासाहेबांनी यावर जे मत दिले ते कोरडे आणि नेमके होते. जिल्ह्यातले प्रमुख अधिकारी हिंदू नसल्यामुळेच न्याय निःपक्षपातीपणे होऊ शकला, असा त्याचा आशय होता. यावरून आपल्यापैकी अनेकांनी एक सोपे समीकरण बांधले: अधिकाऱ्याच्या खुर्चीवर आपला माणूस बसला की न्याय मिळेल. शिका, नोकरीत जा, खुर्ची पकडा.

ते समीकरण खैरलांजीत मोडले. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांना गावाने ठार केले. आनंद तेलतुंबडे यांनी या प्रकरणावर लिहिताना एक अप्रिय गोष्ट दाखवून दिली की पोलीस, वैद्यकीय आणि अभियोगाच्या साखळीत मोक्याच्या जागांवर दलित अधिकारीच होते. आपल्याला हे वाचताना लाज वाटते. परंतु लाज वाटून भागत नाही. १९२७ च्या अधिकाऱ्याला महाडच्या गावकीशी काही देणेघेणे नव्हते. २००६ च्या अधिकाऱ्याची बदली, बढती आणि शांतपणे जगणे हे सारे ज्यांच्या हाती होते त्यांचे नाते त्याच गावकीशी होते. जात खुर्चीवर बसलेल्याच्या रक्तात शोधून उपयोग नाही. खुर्ची कोणाला जबाबदार आहे, तिथे ती शोधली पाहिजे.

खैरलांजीची साखळी नीट पाहण्यासारखी आहे. या कुटुंबाकडे स्वतःची जमीन होती, मुले शिकत होती, आणि शेतातून रस्ता काढण्यावरून गावाशी वाद होता. सप्टेंबरच्या आरंभी कुटुंबाच्या एका हितचिंतकाला मारहाण झाली. आई आणि मुलगी त्या प्रकरणात साक्षीला उभ्या राहिल्या. २९ तारखेला त्यातले आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी जमाव घरावर चालून गेला. म्हणजे साक्ष देणे हाच त्या दोघींचा गुन्हा होता. पुढे पहिले शवविच्छेदन इतके अपुरे झाले की पुरलेले मृतदेह उकरून पुन्हा तपासावे लागले. तोवर शरीरावरचा पुरावा किती उरणार? महिनाभर बातमी जिल्ह्याबाहेर फारशी गेली नाही. लोक रस्त्यावर आले तेव्हा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, सहांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. तीन जण सुटले. १४ जुलै २०१० रोजी नागपूर खंडपीठाने फाशीच्या जागी पंचवीस वर्षांची जन्मठेप केली. फाशी गेली याचे मला दुःख नाही. फाशीने जात मरते असे मी मानत नाही. मला खुपते ते वेगळेच. दोन्ही न्यायालयांनी अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होत नाही असे म्हटले. हेतू सुडाचा होता, जातीचा नव्हता! म्हणजे आठ माणसांना शिक्षा झाली आणि जात तेवढी निर्दोष सुटली.

सूड आणि जात वेगळी करता येतात का? सवर्ण कुटुंबातील मायलेकींनी मारहाणीची साक्ष दिली असती तर सारे गाव त्यांच्या घरावर गेले असते काय? 'यांनी आमच्याविरुद्ध बोलायचे?' या वाक्यातला 'यांनी' हा शब्दच जात आहे. पण कायद्याची भाषा त्या वेळी अशी होती की पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे 'या कारणावरून' गुन्हा घडला हे सिद्ध करावे लागे. खून करणारा मनातले कारण ओरडून सांगेल तरच ते सिद्ध व्हायचे. २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, हे शब्द बदलले. पीडित त्या जातीची आहे हे माहीत असताना गुन्हा केला, एवढे पुरेसे ठरले. गावात कोणाची जात कोणाला माहीत नसते? हा बदल मोठा आहे आणि तो खैरलांजीसारख्या निकालांच्या अनुभवातून आला आहे. आपल्या तरुण वकिलांनी जुन्या निकालांचे दाखले दिले जात असताना घटनेची तारीख पाहायला विसरू नये.

साक्षीदाराविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण या नियतकालिकाच्या वाचकांत शिक्षक पुष्कळ आहेत. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याला सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून मारून टाकण्यात आले. मारहाणीची सुरुवात शाळेच्या आवारात झाली होती. दिवसाउजेडी. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींची निर्दोष सुटका केली, कारण २६ साक्षीदारांपैकी १३ जण फितूर झाले. त्यांत शाळेतले शिक्षकही होते.

'फितूर' हा शब्द मोठा विचित्र आहे. आपली बाजू सोडून शत्रूला मिळणारा तो फितूर. पण यातले किती जण मुळात आपल्या बाजूला होते? शेतमजूर फितूर होतो तेव्हा त्याच्या पोटाचा प्रश्न असतो, आणि त्याला दोष देताना माझी जीभ अडखळते. शिक्षकाचा पगार मात्र सरकारी तिजोरीतून येतो. आरोपीच्या रानातून येत नाही. तो का वळतो? संस्थेचा अध्यक्ष कोण, शाळा समितीवर कोण, आणि स्वतः शिक्षकाचे मन कोणत्या बाजूला, हे पाहिले की उत्तर मिळते. वर्गात समतेचा धडा शिकवणारा माणूस पिंजऱ्यात उभा राहून 'मी काही पाहिले नाही' म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत असतो असेही नाही; कित्येकदा त्याने खरोखरच पाहिलेले नसते. न पाहण्याची सवय आपल्या समाजाने फार जुन्या काळापासून लावून घेतली आहे.

यातली कायद्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते आणि तो जबाब स्वतः पुरावा नसतो. साक्षीदार न्यायालयात 'मी असे सांगितलेच नाही' म्हणाला की तो कागद फक्त विसंगती दाखवण्यापुरता उरतो. याउलट दंडाधिकाऱ्यासमोर शपथेवर दिलेला जबाब मोडणे जड जाते, कारण शपथेवरच्या खोटेपणाबद्दल खटला होऊ शकतो. फौजदारी प्रक्रिया संहितेचे ते १६४ वे कलम होते; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ते १८३ वे आहे. महत्त्वाच्या साक्षीदारांचे असे जबाब पहिल्या आठवड्यात नोंदवून घ्या, असा लेखी अर्ज तपासी अधिकाऱ्याला दिला पाहिजे आणि त्याची पोच घेतली पाहिजे. मोर्चा काढणे आपल्याला सवयीचे झाले आहे. अर्जाची पोच घेण्याचा मात्र आपल्याला कंटाळा येतो.

हे सर्व करूनही खटला वर जाऊन पडतो, हे मी नाकारीत नाही. आंध्रातल्या चुंडूर येथे ६ ऑगस्ट १९९१ रोजी आठ दलितांची हत्या झाली. तिथल्या लोकांनी विलक्षण चिकाटीने लढून न्यायालय आपल्या गावातच आणवले. २००७ साली २१ जणांना जन्मठेप झाली. एप्रिल २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने साक्षीपुराव्यातील विसंगतींवर बोट ठेवून सर्वांना सोडून दिले. बिहारमध्ये बथानी टोला येथे जुलै १९९६ मध्ये २१ आणि लक्ष्मणपूर बाथे येथे १ डिसेंबर १९९७ रोजी ५८ माणसे रणवीर सेनेने मारली. पाटणा उच्च न्यायालयाने २०१२ आणि २०१३ साली शिक्षा झालेल्या सर्वांना निर्दोष ठरवले. अंधारात लपून ज्यांनी आपली माणसे मरताना पाहिली त्यांचे पाहणे न्यायालयाला विश्वासार्ह वाटले नाही. या सेनेचे राजकीय लागेबांधे शोधण्यासाठी नेमलेला अमीर दास आयोग तर २००६ सालीच, अहवाल येण्याआधी, गुंडाळण्यात आला होता. या ८७ मरणांसाठी या निकालांप्रमाणे कोणीच जबाबदार नाही.

आणि मग या सुटकांचा हिशेब आपल्याच नावावर मांडला जातो. देशात अत्याचार कायद्याखालील खटल्यांत शिक्षेचे प्रमाण २०२० साली ३९.२ टक्के होते, ते २०२२ मध्ये ३२.४ टक्क्यांवर उतरले. यावरून निष्कर्ष काय काढला जातो? की बाकीच्या फिर्यादी खोट्या होत्या. साक्षीदार फोडायचे आणि मग साक्ष मिळाली नाही म्हणून फिर्याद खोटी म्हणायचे, अशी ही दुहेरी चाल आहे. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुपयोगाच्या याच धास्तीने अटकेपूर्वी चौकशी आणि परवानगीच्या अटी घातल्या. त्याविरुद्ध २ एप्रिलला देशभर बंद झाला आणि त्यात दलित तरुणच गोळ्यांना बळी पडले. संसदेने ऑगस्टमध्ये १८-अ हे कलम घालून त्या अटी निष्प्रभ केल्या. १ ऑक्टोबर २०१९ रोजी त्याच न्यायालयाने फेरविचारात आपले निर्देश मागे घेतले. कायद्याच्या पुस्तकात आपण तेव्हा जिंकलो. ठाण्यातली 'सकाळी या' ही ओळ मात्र तशीच राहिली.

तिच्यासाठी कायद्यात कलम नाही असे नाही. चौथे कलम आहे. जाणूनबुजून कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष शिक्षा होऊ शकते. खबर न नोंदवणे, ती वाचून न दाखवणे, जबाब न घेणे ही सारी कर्तव्ये २०१५ नंतर तिथे एकेक करून लिहिलेली आहेत. पण आरोप ठेवायचा तो प्रशासकीय चौकशीच्या शिफारशीवरून, आणि चौकशी करायची त्याच खात्याच्या वरिष्ठाने. चौथ्या कलमाखाली शिक्षा भोगलेला अधिकारी मी अजून पाहिलेला नाही. शिक्षेपासून सुखरूप राहणाऱ्यांची यादी करायची तर तिच्यात आरोपींच्या आधी यांची नावे लिहावी लागतील.

१५-अ कलमाने पीडितांना आणि साक्षीदारांना पुष्कळ दिले आहे: जामिनाच्या वेळी म्हणणे मांडण्याचा हक्क, संरक्षण, कामकाजाचे चित्रीकरण. नियम ११ तर १९९५ पासून सांगतो की साक्षीला येणाऱ्याला प्रवासखर्च आणि किमान वेतनाच्या दराने दिवसाचा भत्ता मिळावा, आणि तोही फार तर तीन दिवसांच्या आत. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक साक्षीदारांना हा नियम कोणी सांगितलेला नव्हता. समन्स घेऊन येणारा शिपाई सांगत नाही, सरकारी वकिलाच्या हातात त्या दिवशी वीस प्रकरणे असतात. तालुक्यापासून जिल्ह्याला जायला दोन एसट्या बदलाव्या लागतात आणि दिवसाची मजुरी बुडते. म्हणून साक्षीदार तारखेच्या दिवशी आरोपीच्या चुलत्याच्याच जीपमध्ये बसून न्यायालयात येतो, आणि वाटेत चहाचे पैसे चुलताच देतो.